चळतीतला एक पॅच

खळ्ळ्.

चमचा फरशीवर पडला, दोन उड्या मारून टेबलाखाली गेला, आणि मी श्वास रोखून मांडीवरच्या बाळाकडे पाहिलं. त्याच्या पापण्या हलल्या. ओठांनी हवेतच दोन घोट घेतले. मग पुन्हा सगळं शांत.

स्वयंपाकघराच्या दारात गोटी एका पायावर उभी होती, दोन्ही हात तोंडावर. पाच वर्षांच्या माणसाला जेवढं अपराधी दिसता येतं तेवढी ती दिसत होती.

"मी नाही पाडला," ती कुजबुजली. "तो आपला आपणच गेला."

"जाऊ दे. आता त्याला तिथेच झोपू दे. तूही बस."

ती माझ्या खुर्चीला टेकून खाली बसली आणि तिचं रंगवायचं पुस्तक उघडलं. मी पुन्हा स्क्रीनकडे वळले.

दुपारची ही वेळ माझी. नवरा कामावर गेलेला असतो, बाळ पोटभर पिऊन झोपलेलं असतं आणि जेवणाच्या टेबलाचं एक टोक माझं ऑफिस होतं. लॅपटॉप, एक ओलं लाळेरं, गार झालेला चहा. टाइप करायला एकच हात मोकळा असतो, दुसऱ्यावर बाळाचं डोकं. एका हाताने किती काम होतं हे मला पहिलं मूल होईपर्यंत माहीत नव्हतं. दुसऱ्यानंतर तर मी त्यात तरबेज झाले आहे.

आमची कंपनी छोटी. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ज्या काचेच्या पेट्यांत ठेवतात, त्या पेट्यांचा प्रोग्रॅम आम्ही सांभाळतो. मूळ प्रोग्रॅम एका मोठ्या कारखान्याचा. त्यावर आम्ही आमचे बदल चढवतो: इथल्या दवाखान्यांना काय हवं, कुठल्या सिस्टरची काय तक्रार आली, कुठली पेटी उगाच ओरडते. असा प्रत्येक बदल म्हणजे एक पॅच. वर्षानुवर्षं साठत साठत त्यांची चळत झाली आहे, ताटल्या एकावर एक ठेवाव्यात तशी. खालची हलली तर वरची हलते.

कारखान्याने नवी आवृत्ती काढली की ही सगळी चळत जुन्यावरून उचलून नव्यावर त्याच क्रमाने रचावी लागते. बदलांचा हिशेब ठेवणारं आमचं साधन, गिट, बहुतेक ताटल्या स्वतःच ठेवतं. पण एखादी बसली नाही की ते थांबतं आणि म्हणतं, इथे तुम्हीही हात लावलाय आणि कारखान्यानेही, आता तुम्हीच सांगा काय ठेवू. मग ती जागा वाचायची, समजून घ्यायची, हाताने जोडायची आणि पुढे जायचं. मी दिवसाचे तुकडे जोडून जोडून हे काम करते. भात शिजेपर्यंत दोन पॅच. गोटीचं न्हाणं होईपर्यंत एक.

या वेळची चळत मी रचून दिली होती. मास्तरांनी तपासली होती. ते आमच्यातले सगळ्यात जुने. येणारा प्रत्येक पॅच त्यांच्या नजरेखालून जातो म्हणून त्यांना मास्तर म्हणतात. "पॅच पाठवताय की पालेभाजी? निवडून पाठवा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि आज सकाळी पक्कडने ती आवृत्ती शहरातल्या मोठ्या रुग्णालयात नेऊन तीन रिकाम्या पेट्यांत घातली होती. आधी तीन पेट्यांवर बघायचं, मग बाकीच्या. पक्कड म्हणजे आमचा मेकॅनिक. एकदा बोलण्यात धरलं की सोडत नाही, म्हणून पक्कड.

त्याच रुग्णालयात, त्याच विभागात, माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी होती. वेळेच्या खूप आधी आलेली, मुठीएवढी. तिला अजून नावही नव्हतं. फोनवर धाकटी रडत म्हणाली होती, "ताई, निदान पेटी तरी तुझी आहे. मला तेवढा आधार वाटतो गं."

तर त्या दुपारी मी तीच चळत पेटीच्या दुसऱ्या, लहान मॉडेलसाठी न्यायला बसले होते. सुरुवात करण्याआधी म्हटलं, जुनी चळत आणि नवी चळत शेजारी ठेवून एकदा बघावी. गिटमध्ये तशी सोय आहे. ते जुना पॅच आणि त्याचाच नवा पॅच समोरासमोर मांडतं. जसाच्या तसा असेल तर मध्ये बरोबरीचं चिन्ह. बदलला असेल तर उद्गारचिन्ह. खरं तर हे आवृत्ती पाठवण्याआधी करायचं असतं. मी तेव्हा केलं नव्हतं. बाळाला सर्दी होती आणि रात्र सगळी खांद्यावर गेली होती.

मी खाली खाली सरकत गेले. बरोबर, बरोबर, बरोबर. उद्गारचिन्ह, हा मी हाताने जोडलेला. बरोबर. उद्गारचिन्ह, हाही माझाच, आठवतोय.

मग एक उद्गारचिन्ह असं आलं, जे मला आठवेना.

घसरलेल्या सेन्सरचा पॅच.

तो मी स्वतः लिहिलेला होता. बाळ पोटात होतं, लाथा मारायचं, आणि मी टेबलापासून पोटाएवढी लांब बसून तो लिहिला होता. पेटीतल्या बाळाच्या अंगावर चिकटपट्टीने एक छोटा सेन्सर लावतात. तो अंगाची ऊब मोजतो. बाळ गार पडायला लागलं की पेटी तापते, बाळाला पुरेशी ऊब मिळाली की पेटी थांबते. पण पट्टी सुटून सेन्सर बाजूला घसरला तर तो बाळाऐवजी हवा मोजतो. हवा बाळापेक्षा गार. पेटीला वाटतं, बाळ गार पडलं. ती तापत राहते. बाळ आत भाजत असतं आणि पडद्यावरचा आकडा सांगत असतो की त्याला अजून ऊब हवी. असं झालं तर पेटीने ओरडायचं, एवढंच माझ्या पॅचचं काम.

मी पॅच उघडला. मथळा होता. पडद्यावर दाखवायचे शब्द होते. त्याखालचा भाग, जिथे पेटी ओळखते आणि ओरडते, तो नव्हताच. पेटीला 'सेन्सर घसरला' हे शब्द ठाऊक होते, पण ते कधी म्हणायचे हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं.

माझे हात गार पडले. खरंच गार, बाळाने झोपेतच मान आक्रसून घेतली.

कसं झालं हे मला दोन मिनिटांत कळलं, आणि कळून काही बरं वाटलं नाही. ही चळत मी दोनदा रचली होती. पहिल्या खेपेला नेमक्या याच पॅचवर गिट थांबलं होतं. मी जोडत असताना बाळाने कळफलकावर हात मारला, मी घाईत कारखान्याची बाजू ठेवली आणि पुढे गेले. चार-पाच पॅच पुढे गेल्यावर लक्षात आलं की हे चुकलं. मी स्वतःलाच म्हटलं, नको बाई, मोडक्यावर रचत बसण्यापेक्षा सगळं टाकून पहिल्यापासून कर. सगळं टाकलं. पहिल्यापासून केलं. दुसऱ्या खेपेला तो पॅच अडलाच नाही, सरळ बसला. मला केवढं हायसं वाटलं होतं!

तो बसला नव्हता. गिटला एक आठवण असते, चालू केली तर. एखादा गुंता तुम्ही एकदा कसा सोडवलात हे ते लक्षात ठेवतं आणि तोच गुंता पुन्हा आला की तुम्हाला त्रास न देता तसाच सोडवून टाकतं. ती मीच चालू केली होती, वेळ वाचावा म्हणून. मी खेप टाकून दिली, पण आठवण टाकली नव्हती. ती वेगळी पुसावी लागते. दुसऱ्या खेपेला त्याने माझंच चुकलेलं उत्तर काढून इमानाने तिथे भरलं. तसं सांगितलंही होतं, शेकडो ओळींतल्या एका ओळीत.

"आई, तू श्वास घेत नाहीयेस," गोटी म्हणाली.

मी श्वास घेतला. फोन उचलला.

पक्कडचा फोन नुसता वाजत राहिला. धाकटीचा बंद; त्या विभागात जाताना फोन बाहेर ठेवायला लावतात. विभागाचा नंबर तिनेच मला दिला होता, तो लावला. व्यस्त. पुन्हा व्यस्त. मग मास्तर.

"बोल गं. बाळ झोपलंय वाटतं, आवाज दबका आहे."

"मास्तर, घसरलेल्या सेन्सरचा पॅच अर्धा गेलाय."

"कशातून?"

"आज सकाळी गेलेल्या आवृत्तीतून."

पलीकडे खुर्ची करकरली. "मी तपासलंय ते सगळं."

"तुम्ही मी हाताने जोडलेले तपासलेत. हा मी तुम्हाला सांगितलाच नव्हता. दुसऱ्या खेपेला हा थांबलाच नाही."

मग मास्तर अगदी सावकाश म्हणाले, "आठवण चालू होती तुझ्याकडे."

"हो."

"आणि पहिली खेप टाकताना ती पुसली नाहीस."

"मास्तर, मला वाटलं टाकलं म्हणजे टाकलं."

"सगळ्यांना तसंच वाटतं," ते म्हणाले. पालेभाजीचं नावही काढलं नाही, आणि त्यानेच मी जास्त घाबरले. "पण आपण तपासतो तेव्हा पेटी ओरडली होती की."

"आपण तार उपटून बघतो. तार उपटली तर ओरडते, ते कारखान्याचंच आहे. नुसता घसरला तर काय होतं हे बघायला पेटी बराच वेळ तापवावी लागते. ते आपण सगळ्यात शेवटी, बाकीच्या पेट्यांत घालायच्या आधी करतो."

"अजून केलेलं नाही."

"नाही."

"बरं. ऐक. रागवायला मी नंतर वेळ काढीन. जुनी आवृत्ती मी काढतो आणि पक्कडला धरतो. तू विभाग धर. त्यांना म्हणावं, पेट्या एअर मोडवर टाका. मग पेटी सेन्सरचं ऐकणार नाही, आतली हवाच सांभाळेल. कळलं? सेन्सर कसा, काय, काही समजावत बसू नकोस. आधी एअर मोड."

"मास्तर, तिथे माझ्या बहिणीची—"

"माहीत आहे मला. फोन लाव."

मी लावला. व्यस्त. मी उठून उभी राहिले, बाळ खांद्यावर घेतलं, पुन्हा लावला. व्यस्त. फ्रीजपाशी गेले, दारापाशी गेले, परत आले. एका फोनवर कोण इतकं बोलत असेल? कोणाचा तरी बाबा असेल. वजन किती वाढलं, दूध किती गेलं, विचारत असेल. मीही कालच विचारलं होतं, लांबण लावून. तेव्हा दुसरं कोण फोन लावत ताटकळत होतं, हे मला कुठे माहीत होतं?

"कोणाला फोन करतेस?"

"मावशीच्या दवाखान्यात."

"मला बोलायचंय मावशीशी."

"मावशी नाहीये फोनवर. गोटी, आता अगदी गप्प बस हं, राणी."

"गप्पच आहे मी. तूच धावतेयस."

फोन लागला. आणि नेमकं त्याच क्षणी बाळ जागं झालं, आणि जागं होताच त्याने सगळं घर डोक्यावर घेतलं.

"नवजात विभाग," एक थकलेला आवाज आला.

"सिस्टर, ऐका, मी—"

"बाळाला इथे आणू नका, बाहेरच्या विभागात दाखवा. किती वेळ रडतंय?"

"नाही, नाही, हे माझं बाळ—"

"तेच म्हणते मी. ताप आहे का?"

"सिस्टर, माझं बाळ ठीक आहे!" मी ओरडलेच. गोटीने रंग खाली ठेवला. "मी पेट्यांच्या कंपनीतून बोलतेय. आज सकाळी ज्या तीन पेट्यांत नवा प्रोग्रॅम घातला, त्यांत बाळं ठेवली आहेत का?"

"ठेवलीत की. रिकामी पेटी इथे कधी राहते का, मॅडम?"

"त्या तिन्ही लगेच एअर मोडवर टाका."

"डॉक्टर स्किन मोडवर, अंगावरच्या सेन्सरवर, ठेवून गेलेत. मी माझ्या मनाने नाही हो बदलू शकत. तुमच्या माणसाला येऊन सांगू दे."

बाळ किंचाळत होतं. मी फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला आणि त्याला दोन्ही हातांनी धरलं. मास्तरांनी समजावू नकोस म्हटलं होतं. पण समजावल्याशिवाय ती हलणार नव्हती, आणि तिचंही काही चुकत नव्हतं.

"सिस्टर, सेन्सर घसरला तर त्या पेट्या वाजणार नाहीत."

"वाजतात. सकाळी तुमच्या माणसाने तार उपटून दाखवली. कान किटले आमचे."

"तार उपटली तर वाजतील. पट्टी सुटून नुसता बाजूला पडला, तर नाही. तो हवा मोजेल, आकडा कमी येईल आणि पेटी तापवत राहील. तुम्हाला पडद्यावर सगळं ठीकच दिसेल."

मग जो आवाज आला तो थकलेला नव्हता.

"कधीपर्यंत तापवेल?"

"कोणी हात लावून बघेपर्यंत."

"फोन ठेवू नका."

रिसीव्हर कुठल्यातरी लाकडावर ठेवल्याचा ठक् आवाज आला, आणि पावलं लांब गेली. भराभर, पण पळत नाही. त्या विभागात कोणी कधी पळत नाही, हे मला धाकटीने सांगितलं होतं.

मी बाळाला छातीशी लावलं. ते प्यायला लागलं, हुंदके देत देत. टेबलावर फोन होता आणि फोनमध्ये ती खोली होती. कुठेतरी एक यंत्र टिक टिक करत होतं. कोणीतरी खोकलं. एक बाळ बारीक आवाजात रडलं, मांजराच्या पिल्लासारखं, आणि मी जिवाचे कान करून ऐकलं, कारण जे रडतंय ते ठीक आहे. मी वाट पाहत होते एखादी पेटी ओरडण्याची. मलाच माहीत होतं की ओरडणार नाही. ते ओरडणं माझ्या टेबलावर पडून होतं, जुन्या चळतीत, बरोबर जागच्या जागी.

गोटी उठून माझ्या गुडघ्याला चिकटून उभी राहिली. फोनकडे बघत राहिली, जसं त्यात काही दिसणार होतं.

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. बाळाने एक बाजू संपवली.

मग पावलं परत आली. या वेळी पळत.

"मॅडम, आहात?"

"आहे, आहे."

"दोन बरी आहेत. हात लावून बघितलं, एअर मोडवर टाकली. तिसरं…" तिला धाप लागली होती. "खिडकीजवळच्या पेटीतलं. पट्टी सुटलीये त्याची. अंग नुसतं भाजतंय, लालबुंद झालंय. दारं उघडलीत मी, डॉक्टर येतायत. मला जायला हवं."

"सिस्टर, श्वास चालू आहे ना?"

"चालू आहे, पण भराभर. ठेवते मी."

"सिस्टर, कोणाचं आहे ते? एवढं सांगा, कोणाचं—"

फोन बंद झाला होता.

मी लगेच पुन्हा लावला. कोणी उचलला नाही. धाकटीचा लावला. बंद. मी तिच्या मुलीला एकदाच पाहिलं होतं, दारातून, दोन माणसांच्या खांद्यांमधून. खिडकी कुठे होती ते मला आठवेना. आठवावं म्हणून डोळे मिटले, तर नुसत्या काचाच दिसायला लागल्या, सगळ्या सारख्या.

मास्तरांचा निरोप आला, पक्कड सापडला, निघालाय. मी लिहिलं, दोन ठीक, एक तापलं, डॉक्टर आहेत.

आणि मग माझ्या लक्षात आलं की मी मनात काहीतरी सारखं म्हणतेय. ओठ हलत होते माझे. तिचं नको. तिचं नको. दुसरं कुठलंही असू दे, धाकटीचं नको. बाळ माझ्याकडे बघत पीत होतं, एक हात माझ्या गळ्याशी पसरून, आणि मी त्याच्या डोक्यावर तोंड ठेवून हे मागत होते.

"आई," गोटीने माझा गुडघा हलवला. "ते लाल झालेलं बाळ मावशीचं आहे?"

"नाही गं."

"त्या बाई तसं नाही म्हणाल्या."

"नसेल. मावशीचं नसेल ते, सोन्या."

तिने ते ऐकून घेतलं. खालचा ओठ दातात धरून थोडा विचार केला. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"मग कोणाचं आहे?"